खासगी शाळांची शासकीय मान्यता व तपासणी

खासगी शाळांची शासकीय मान्यता व तपासणी म्हणजे खासगी संस्थेने चालविलेली शाळा कायद्याने ठरवून दिलेले किमान निकष पूर्ण करते की नाही, याची शासनाच्या शिक्षण विभागाने केलेली पडताळणी होय. ही पडताळणी शाळा सुरू होताना एकदा आणि त्यानंतर ठराविक मुदतीने पुन्हा केली जाते. महाराष्ट्रात पहिली ते आठवीच्या वर्गांसाठी तिचा मुख्य आधार ‘बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९’ (संक्षेपाने ‘शिक्षण हक्क कायदा’) हा आहे. प्रस्तुत लेखात राज्यातील ही व्यवस्था जालना जिल्ह्याच्या संदर्भात मांडली आहे.

पार्श्वभूमी

शाळेला मान्यता देण्याची कल्पना अनुदानाच्या पद्धतीतून रुजली. १८५४ च्या वुडच्या खलित्यानंतर ब्रिटिश मुलखात खासगी शाळांना सरकारी अनुदान मिळू लागले व अनुदान घेणाऱ्या शाळेने सरकारी निरीक्षकाची तपासणी मान्य करावी, अशी अट आली. मुंबई इलाख्यातील अनेक नामांकित शाळा याच पद्धतीत वाढल्या.

आजचा जालना जिल्हा त्या काळी हैदराबाद संस्थानात होता. तेथील अनुभव निराळा होता. संस्थानात उच्च शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. १९१८ मध्ये स्थापन झालेले उस्मानिया विद्यापीठही उर्दू माध्यमाचेच होते. मराठी, तेलुगू व कन्नड भाषकांनी मातृभाषेतून चालविलेल्या खासगी शाळांवर १९२४ च्या सुमारास निर्बंध घालण्यात आले आणि पूर्वपरवानगीशिवाय अशी शाळा उघडण्यास बंदी झाली. औरंगाबाद येथील सरस्वती भुवन (१९१५) किंवा हिप्परगा येथील राष्ट्रीय शाळा (१९२१) यांसारख्या संस्थांचे कार्य या वातावरणात चालले. शाळेची परवानगी हे गुणवत्तेची हमी देण्याचे साधन असू शकते, तसेच ते नियंत्रणाचे साधनही होऊ शकते, ही जाणीव त्यामुळे मराठवाड्याच्या शैक्षणिक इतिहासात ठळकपणे दिसते.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान भारतीय संघराज्यात सामील झाले. १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला. १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या व प्राथमिक शिक्षणाचा कारभार त्यांच्याकडे गेला. जालना हा स्वतंत्र जिल्हा १ मे १९८१ रोजी स्थापन झाला.

मान्यता आणि इतर नोंदी

बोलण्यात ‘शाळा नोंदणीकृत आहे’ असे सरसकट म्हटले जाते. प्रत्यक्षात शाळेशी संबंधित नोंदी अनेक प्रकारच्या असतात व एक नोंद दुसरीची जागा घेऊ शकत नाही.

• संस्थेची नोंदणी : शाळा चालविणारी संस्था सार्वजनिक न्यास किंवा सोसायटी म्हणून नोंदलेली असणे. संस्था नोंदणीकृत असली म्हणजे तिची शाळा मान्यताप्राप्त ठरत नाही.
• शाळा स्थापनेची परवानगी : विनाअनुदान तत्त्वावरील नव्या शाळांसाठी ‘महाराष्ट्र स्वयं-अर्थसहाय्यित शाळा (स्थापना व विनियमन) अधिनियम, २०१२’ अन्वये राज्य शासनाकडून मिळणारी परवानगी.
• शिक्षण हक्क कायद्यानुसार मान्यता : पहिली ते आठवीच्या वर्गांसाठी आवश्यक असलेले मान्यता प्रमाणपत्र.
• मंडळाची मान्यता : दहावी-बारावीच्या परीक्षेस विद्यार्थी बसविण्यासाठी परीक्षा मंडळाकडून मिळणारी मान्यता. जालना जिल्हा राज्य मंडळाच्या छत्रपती संभाजीनगर विभागात येतो. केंद्रीय मंडळाशी संलग्न होणाऱ्या शाळेला राज्य शासनाचे ना हरकत प्रमाणपत्रही लागते.
• यू-डायस क्रमांक : शाळेची माहिती साठविण्यासाठी दिलेला अकरा अंकी सांकेतांक. त्यातील पहिले दोन अंक राज्याचे व पुढील दोन जिल्ह्याचे असतात, त्यामुळे जालना जिल्ह्यातील शाळांचे क्रमांक २७१८ ने सुरू होतात. हा क्रमांक सांख्यिकीसाठी असून तो मान्यतेचा पुरावा नव्हे.

नववी व दहावीचे वर्ग शिक्षण हक्क कायद्याच्या कक्षेबाहेर आहेत. त्यांना माध्यमिक शाळा संहितेचे नियम लागू होतात. महाराष्ट्रातील अनेक खासगी माध्यमिक विद्यालये पाचवी ते दहावी अशी चालतात. अशा विद्यालयात आठवीपर्यंतचे वर्ग एका नियमावलीखाली, तर पुढचे दोन दुसऱ्या नियमावलीखाली येतात. कागदपत्रांची गुंतागुंत पुष्कळदा येथूनच सुरू होते.

कायदेशीर आधार

शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. राज्याचे नियम २०११ मध्ये आले. कायद्याच्या कलम १८ नुसार शासन किंवा स्थानिक प्राधिकरण यांच्या शाळा वगळता कोणतीही शाळा मान्यता प्रमाणपत्राशिवाय स्थापन करता अथवा चालविता येत नाही. कलम १९ मध्ये निकषांची पूर्तता बंधनकारक केली असून, कायद्यापूर्वीच्या शाळांना त्यासाठी तीन वर्षांची मुदत दिली होती. ती ३१ मार्च २०१३ रोजी संपली.

शाळा काढण्याचा हक्क आणि शासनाचा नियमनाचा अधिकार यांच्या सीमारेषा सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांतून स्पष्ट होत गेल्या. टी. एम. ए. पै प्रतिष्ठान खटल्यात (२००२) शिक्षणसंस्था स्थापन करणे व चालविणे हा मूलभूत हक्क मानण्यात आला, मात्र त्यावर वाजवी निर्बंध घालता येतात, असेही न्यायालयाने म्हटले. १२ एप्रिल २०१२ रोजी न्यायालयाने शिक्षण हक्क कायद्याची वैधता कायम ठेवली. पुढे प्रमती खटल्याच्या निकालाने (२०१४) अल्पसंख्याकांच्या शाळा या कायद्यातून वगळल्या गेल्या.

इमारतीच्या सुरक्षिततेचा प्रश्न एका दुर्घटनेमुळे ऐरणीवर आला. १६ जुलै २००४ रोजी तमिळनाडूतील कुंभकोणम येथे गवती छपराच्या खासगी शाळेला आग लागून ९४ मुले मृत्युमुखी पडली. या प्रकरणाच्या अनुषंगाने दाखल झालेल्या याचिकेवर १३ एप्रिल २००९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने देशभरातील शाळांसाठी अग्निसुरक्षा व इमारतीच्या सुरक्षिततेविषयी निर्देश दिले. तपासणीच्या वेळी अग्निशमन साधने व इमारतीचा दाखला मागितला जातो, त्यामागे ही पार्श्वभूमी आहे.

निकष

कायद्याच्या अनुसूचीत शाळेसाठी पुढील किमान निकष दिले आहेत.

• शिक्षक (पहिली ते पाचवी) : ६० विद्यार्थ्यांपर्यंत २, ६१ ते ९० साठी ३, ९१ ते १२० साठी ४ आणि १२१ ते २०० साठी ५ शिक्षक. १५० पेक्षा अधिक विद्यार्थी असल्यास ५ शिक्षक व मुख्याध्यापक.
• शिक्षक (सहावी ते आठवी) : प्रत्येक वर्गाला किमान एक शिक्षक. विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रे व भाषा यांसाठी प्रत्येकी किमान एक शिक्षक. दर ३५ विद्यार्थ्यांमागे किमान एक शिक्षक. १०० पेक्षा अधिक विद्यार्थी असल्यास पूर्णवेळ मुख्याध्यापक.
• इमारत : सर्व ऋतूंत टिकणारी इमारत, प्रत्येक शिक्षकामागे किमान एक वर्गखोली, तसेच कार्यालय-भांडार-मुख्याध्यापक यांसाठी मिळून एक खोली. अडथळाविरहित प्रवेशमार्ग. मुलगे व मुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहे. सुरक्षित व पुरेसे पिण्याचे पाणी. क्रीडांगण. आवारभिंत किंवा कुंपण.
• कामाचे दिवस : पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस व ८०० तास, सहावी ते आठवीसाठी २२० दिवस व १,००० तास.
• साधने : ग्रंथालय, वृत्तपत्रे व नियतकालिके, अध्यापन साहित्य आणि खेळाचे साहित्य.

उदाहरणार्थ, एखाद्या शाळेत पहिली ते पाचवीत १२८ आणि सहावी ते आठवीत ११० विद्यार्थी आहेत असे समजू. पहिल्या गटाला ५ शिक्षक लागतील. दुसऱ्या गटाला ३५ च्या प्रमाणाने ४ शिक्षक व शिवाय पूर्णवेळ मुख्याध्यापक लागेल. एकूण ९ शिक्षकांसाठी ९ वर्गखोल्या व कार्यालयाची एक खोली हवी. यांपैकी दोन खोल्या कमी असतील, तर शाळेचा निकाल कितीही चांगला लागत असला तरी ती निकषात बसत नाही.

यांखेरीज शाळा कोणा व्यक्तीच्या नफ्यासाठी चालविलेली नसावी, इमारतीचा वापर शैक्षणिक कारणांसाठीच व्हावा, हिशेबाचे लेखापरीक्षण व्हावे, प्रवेशासाठी देणगी किंवा मुलांची चाचणी घेऊ नये आणि शिक्षक विहित पात्रतेचे असावेत, अशाही अटी आहेत.

तपासणीची प्रक्रिया

शाळा आपल्या स्थितीची माहिती स्वयंघोषणेच्या स्वरूपात ‘नमुना १’ मध्ये भरून शिक्षणाधिकाऱ्यांकडे अर्ज करते. त्यानंतर अधिकारी शाळेस प्रत्यक्ष भेट देऊन घोषणेतील माहिती पडताळतात. जमीन व इमारतीची कागदपत्रे, हजेरीपट, जनरल रजिस्टर, शिक्षकांच्या पात्रतेचे दाखले, लेखापरीक्षण अहवाल यांची पाहणी होते. खोल्या, स्वच्छतागृहे व पाण्याची सोय डोळ्यांनी पाहिली जाते. निकष पूर्ण असल्यास ‘नमुना २’ मध्ये मान्यता प्रमाणपत्र दिले जाते. ही मान्यता तीन वर्षांसाठी असते व मुदत संपण्यापूर्वी तिचे नूतनीकरण करून घ्यावे लागते. शाळेकडे पूर्वीचे प्रमाणपत्र असणे आणि आजची मान्यता चालू असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

जालना जिल्ह्यात जालना, बदनापूर, अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा, भोकरदन व जाफराबाद असे आठ तालुके आहेत. शाळेशी सर्वांत जवळचा संबंध केंद्रप्रमुखाचा येतो. त्याच्यावर विस्तार अधिकारी व तालुका पातळीवर गटशिक्षणाधिकारी असतात. जिल्हा परिषदेत प्राथमिक व माध्यमिक असे स्वतंत्र शिक्षणाधिकारी असून त्यांच्यावर छत्रपती संभाजीनगर येथील विभागीय शिक्षण उपसंचालकांचे पर्यवेक्षण असते.

पटपडताळणी, २०११

निकषांच्या तपासणीचा पाया विद्यार्थीसंख्या हाच असतो, कारण शिक्षक, खोल्या व अनुदान ही सर्व तिच्यावरच ठरतात. नांदेड जिल्ह्यात जिल्हाधिकारी श्रीकर परदेशी यांच्या कार्यकाळात झालेल्या पडताळणीत पटावरील व प्रत्यक्षातील संख्येत मोठी तफावत आढळली. त्यानंतर ३ ते ५ ऑक्टोबर २०११ या तीन दिवसांत संपूर्ण राज्यात विशेष पटपडताळणी झाली. एकच मूल दोन शाळांत मोजले जाऊ नये म्हणून मुलांच्या बोटाला शाई लावण्यात आली. पटावरील सुमारे २० लाख विद्यार्थी वर्गात आढळले नाहीत, असे त्या वेळी जाहीर झाले. निम्म्याहून अधिक विद्यार्थी अनुपस्थित असलेल्या शाळांवर कारवाईचा निर्णय झाला व प्रकरण उच्च न्यायालयातही गेले. पुढील काळात विद्यार्थ्यांची नोंद व्यक्तिनिहाय व संगणकावर ठेवण्याकडे शासनाचा कल वाढला.

मान्यता काढून घेणे

मान्यतेच्या अटींचा भंग झाल्यास लेखी आदेशाने मान्यता काढून घेता येते. मात्र त्यापूर्वी शाळेला म्हणणे मांडण्याची संधी द्यावी लागते. तसेच त्या शाळेतील मुलांना परिसरातील कोणत्या शाळेत प्रवेश द्यावयाचा, याचा निर्देश आदेशातच असावा लागतो. संस्थेची चूक असली तरी मुलांचे शिक्षण खंडित होऊ नये, हा या तरतुदीचा हेतू आहे. मान्यतेशिवाय शाळा चालविल्यास एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो आणि उल्लंघन चालूच राहिल्यास प्रत्येक दिवसासाठी दहा हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

विद्यार्थी व पालकांवरील परिणाम

शाळा अनधिकृत ठरल्याचा सर्वाधिक त्रास विद्यार्थ्यांना होतो. शाळा सोडल्याचा दाखला, शासकीय शिष्यवृत्ती व दहावीच्या परीक्षेचा अर्ज या तिन्ही टप्प्यांवर मान्यतेचा प्रश्न उभा राहतो. दाखल्यास विलंब झाला म्हणून शासकीय किंवा अनुदानित शाळेने मुलाला प्रवेश नाकारू नये, असे शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ५ मध्ये म्हटले आहे. त्यामुळे आठवीपर्यंतच्या मुलांना काही संरक्षण मिळते. नववी-दहावीच्या मुलांना ते मिळत नाही आणि ऐनवेळी खासगी विद्यार्थी म्हणून परीक्षेस बसण्याची वेळ येऊ शकते.

प्रवेशापूर्वी पालकांनी शाळेकडे ‘नमुना २’ प्रमाणपत्र, त्याची मुदत व ते कोणत्या इयत्तांसाठी आहे हे पाहणे उपयुक्त ठरते. ही माहिती गटशिक्षणाधिकारी कार्यालयातही मिळू शकते आणि माहिती अधिकार कायद्याखाली मागता येते. तीन ते सहा वर्षे वयाच्या मुलांची बालवाडी किंवा नर्सरी मात्र कलम १८ च्या कक्षेत येत नाही. त्यामुळे बालवाडी चालू आहे म्हणून त्याच संस्थेच्या पहिलीला मान्यता असेलच, असे नाही.

टीका व मतभेद

या पद्धतीवर मुख्यतः चार आक्षेप घेतले जातात. पहिला असा की, निकष इमारत, संख्या व कागदपत्रे यांचे आहेत, मुले काय शिकतात याचे नाहीत. दुसरा आक्षेप समानतेचा आहे : निकष सर्व शाळांना लागू असले तरी मान्यता प्रमाणपत्राची अट शासनाच्या व जिल्हा परिषदेच्या शाळांना नाही. तिसरा असा की, अल्प शुल्कात चालणाऱ्या ग्रामीण शाळांना क्रीडांगण व वर्गखोल्यांचा खर्च पेलत नाही. याच्या उलट बाजूने असे सांगितले जाते की, हे निकष किमान आहेत आणि गरीब मुलांसाठी ते सैल करणे म्हणजे त्यांच्यासाठी कमी सुरक्षित शाळा मान्य करणे होय.

चौथा आक्षेप तपासणीच्या वेळेविषयी आहे. मराठवाड्यातून दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी अनेक कुटुंबे स्थलांतर करतात. जालना जिल्ह्यातील गावेही त्याला अपवाद नाहीत. या हंगामात झालेल्या तपासणीत पटावरील मूल वर्गात दिसत नाही. ते खोटे नाव आहे की आईवडिलांबरोबर फडावर गेलेले मूल आहे, हे केवळ डोकी मोजून कळत नाही. त्यासाठी गावात चौकशी करावी लागते. खोटा पट उघड करणे आणि स्थलांतरित मुलाचे नाव पटावर टिकविणे, ही दोन्ही कामे एकाच तपासणी अधिकाऱ्याला करावी लागतात.

हेही पहा

• बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९
• माध्यमिक शाळा संहिता
• महाराष्ट्र खासगी शाळांतील कर्मचारी (सेवेच्या शर्ती) विनियमन अधिनियम, १९७७
• जिल्हा परिषद
• जालना जिल्हा