रिकामं कार्ड

पहाटे ४.३०. मार्च संपत आला तरी वैनगंगेवरून येणारा वारा या वेळी अंगाला झोंबतो. पिशवीत सेल, कोरी मेमरी कार्डं, जुनं फडकं आणि वन विभागाच्या परवान्याची प्रत. मामा पवनीच्या किल्ल्याच्या दरवाजापाशी मोटरसायकल लावून उभे. ते वाट दाखवतात, मी वहीत लिहिते.

५.४५. मोह गळतोय. बाया टोपल्या घेऊन आमच्याआधीच झाडाखाली वाकलेल्या. फुलं नीट दिसावीत म्हणून जाळलेला पाला अजून धुमसतोय. अस्वलालाही हीच फुलं हवी असतात, म्हणून मामा लांबूनच खाकरत चालतात.

६.३०. जोडी क्रमांक सात. वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर, गुडघ्याएवढ्या उंचीवर दोन कॅमेरे. वाघाच्या डाव्या कुशीवरचे पट्टे उजव्यासारखे नसतात. एकदा नुसत्या डाव्या आणि एकदा नुसत्या उजव्या बाजूचा फोटो मिळाला तर एका वाघाचे दोन मोजले जातील. उजवा कॅमेरा उघडला तर आत मुंग्यांची वसाहत, पांढऱ्या अंड्यांसकट. डाव्याचेही सेल संपलेले. सेल भरायच्या आधी तपासून घ्यायचे होते. चूक माझीच.

“आला नाई जी ताई,” मामा कार्ड न बघताच म्हणाले. “मोह सरू द्या, मंग येते तो.”

८.३०. गोसेखुर्दचा उजवा कालवा. सिमेंटची गुळगुळीत उतरण. वासरू घसरलं तर त्याला वर यायला खूर टेकायला जागा नाही. इथे मी नेहमी थांबते. उमरेड-करांडला अभयारण्य १८९ चौरस किलोमीटरचं. एकेका नर वाघाचा वावर शंभर चौरस किलोमीटरच्या पुढे जाऊ शकतो, मग इथे किती मावणार? रॉबर्ट मॅकआर्थर आणि एडवर्ड विल्सन यांनी १९६७ मध्ये समुद्रातल्या बेटांविषयी सिद्धान्त मांडला: बेट जितकं लहान आणि दूर, तितक्या तिथल्या जाती कमी. भंडाऱ्यात समुद्र नाही, पण धानाच्या बांध्या, रस्ते आणि हा कालवा यांच्या मधोमध उरलेलं जंगल बेटच झालंय. हे डोक्यात नसतं तर कॅमेरे मी अभयारण्याच्या ऐन मध्यात लावले असते, जिथे वाघ हमखास दिसतो. सात नंबर इथे बाहेर, येण्याजाण्याच्या वाटेवर आहे तो यामुळेच. नागझिऱ्याचा ‘जय’ हा वाघ असाच जंगलं ओलांडत उमरेड-करांडल्यात आला, पर्यटकांचा लाडका झाला आणि २०१६ च्या एप्रिलनंतर कुणाला दिसला नाही.

दुपारी १. भात, आंबाडीची भाजी. झोप.

३.००. लॅपटॉप. रोही, डुक्कर, गाई, पुन्हा गाई. माणसांचे फोटो वेळ टिपून पुसून टाकते. बायांना कुणी विचारून फोटो काढलेले नाहीत. पहिली बाई पहाटे ४.१० ला. मामांचं म्हणणं वहीत तारखेसह उतरवलं: मोह संपल्यावर वाघ याच वाटेने येईल. चुकलं तर चुकलं असं सांगता येईल इतकं ते नेमकं आहे. सगळ्या प्रबंधांत असं सापडत नाही.

वाघ एकही नाही. पण समजा, तो आसपास आहे आणि एका रात्रीत कॅमेऱ्यात सापडण्याची शक्यता पन्नासात एक. तर तीस रात्री सलग कार्ड रिकामं राहण्याची शक्यता निम्म्याहून जास्त निघते! म्हणजे नुसत्या रिकाम्या कार्डावरून ‘इथे वाघ नाही’ म्हणणं धाडसाचं. वन्यजीवशास्त्रज्ञ उल्लास कारंथांनी नव्वदच्या दशकात नागरहोळेत पट्ट्यांवरून वाघ ओळखून मोजणीला हेच गणित जोडलं: जे दिसले त्यांवरून न दिसलेल्यांचा अंदाज.

सायंकाळी ६. घाटावर चहा. तुटक तुटक जंगलांत कुठे वस्ती विझते, कुठे शेजारून पुन्हा येते, याचं सूत्र रिचर्ड लेव्हिन्स यांनी १९६९ मध्ये मांडलं, तेही पिकांवरच्या किडीसाठी. मामांना सांगितलं. ते हसले. “म्हणजे वाघ न् तुडतुडा एकाच हिशेबात?”

रात्री ९. तक्ता भरायला घेतला. कॅमेरा चालू होता आणि वाघ आला नाही, तर शून्य. कॅमेराच बंद होता, तर आडवी रेघ. सात नंबरचा शेवटचा फोटो अकराव्या रात्रीचा, एक ससा. त्यानंतर बारा ते तीस सलग शून्यं टाकली असती तर पान नीटनेटकं दिसलं असतं. एकोणीस रेघा मारल्या आणि उद्याच्या पिशवीत सेल मोजून, एकेक तपासून भरले.