आभासी संगणक आणि जाळ्याची जोडणी

एका संगणकाच्या पोटांत दुसरा संपूर्ण संगणक चालूं शकतो, हें प्रथम ऐकणारास गारुड्याच्या खेळासारखें वाटतें. वस्तुतः त्यांत गारूड कांहींच नाहीं. आंतला संगणक धातूचा व तारांचा नसून बाहेरच्या संगणकावर चालणाऱ्या एका प्रोग्रॅमनें उभा केलेला असतो. त्याची मेमरी, त्याची डिस्क, त्याचें नेटवर्क कार्ड, हीं सर्व त्या प्रोग्रॅमनें घेतलेलीं सोंगें होत; आंतल्या कार्यप्रणालीस मात्र आपण खऱ्याच यंत्रावर नांदत आहों असें वाटत असतें. अशा संगणकास आभासी संगणक म्हणतात. त्या विद्येंत बाहेरच्या खऱ्या यंत्रास यजमान व आंतल्यास पाहुणा म्हणण्याचा प्रघात आहे, आणि तो आपल्याकडील वाचकांस सहज रुचेल असाच आहे.

हीं सोंगें वठविणारा एक सुप्रसिद्ध प्रोग्रॅम म्हणजे 'क्यूएमू'. फाब्रिस बेलार ह्या फ्रेंच तज्ज्ञानें तो २००३ सालीं लोकांपुढें आणिला. तो विनामूल्य मिळतो, व त्याची घडण कोणासही उघडून पाहतां येते. त्यास चालना द्यावयाची ती एक आज्ञा टंकून. पाहुण्यास मेमरी किती, डिस्क कोणती, जाळें कोणतें, हें सर्व त्या एका ओळींत सांगावें लागतें. ह्यांतील जाळ्याचा भाग नवशिक्यास फार दिवस छळीत असे. तो सुलभ कसा झाला, हें येथें सांगावयाचें आहे. (प्रत्यक्ष टंकतांना आज्ञा रोमन अक्षरांत लिहावयाच्या असतात, येथें त्यांचे उच्चार दिले आहेत.)

मूळ गोष्ट अशी कीं, पाहुण्यास जाळ्याशीं जोडण्यास दोन वस्तु लागतात. एक, पाहुण्याच्या आंत दिसणारें कार्ड. दुसरी, त्या कार्डांतून निघालेला संदेश यजमानाच्या द्वारें बाहेर नेणारी वाट. वाटेचे प्रकार अनेक आहेत. त्यांतील दोन विशेष प्रचारांत आहेत. 'यूजर' नामक वाटेस यजमानावर कोणताही विशेष अधिकार लागत नाहीं. तींत क्यूएमू स्वतःच एक लहानसें जाळें मांडतो, पाहुण्यास बहुधा १०.०.२.१५ हा पत्ता देतो, व स्वतः १०.०.२.२ ह्या पत्त्यावर द्वारपाल होऊन बसतो. दुसरी 'टॅप' नांवाची वाट यजमानाच्या खऱ्या जाळ्याशीं थेट जोडतां येते. तिची मांडणी करण्यास मात्र यंत्राच्या व्यवस्थापकाचा अधिकार लागतो.

अगदीं आरंभीं ह्या दोहोंसाठीं '-नेट' हा एकच शब्द होता. '-नेट निक' म्हटलें कीं कार्ड, '-नेट यूजर' म्हटलें कीं वाट. परंतु हें कार्ड ह्याच वाटेचें, असें त्या आज्ञेंत कोठेंच म्हटलेलें नसे. क्यूएमू सर्व कार्डें व सर्व वाटा एका सामायिक हबला, म्हणजे जणूं एकाच चव्हाट्यावर, आणून सोडी. तेथें एकानें बोललेलें सर्वांच्या कानीं पडे. ह्या चव्हाट्यांस 'व्हीलॅन' असें नांव दिलें होतें, व क्रमांक घालून ते निरनिराळे करतां येत. परंतु खऱ्या जाळ्यांत व्हीलॅन हा शब्द अगदीं वेगळ्या अर्थानें रूढ असल्यामुळें त्या नांवानें घोटाळा वाढलाच. माझ्या मतें हें नांव ठेवण्यांत मोठीच चूक झाली होती.

एक कार्ड व एक वाट असेपर्यंत ह्या पद्धतींत कांहींच बिघडत नाहीं. दोन झालीं कीं काय होतें, ह्याचा अनुभव मजला स्वतःच्याच हातच्या चुकीनें आला. विद्यार्थ्यांच्या परीक्षेसाठीं संगणकगृहांतील यंत्रांचें एक बंद जाळें केलें होतें. त्यांतून बाहेरच्या इंटरनेटवर जातां येऊं नये, हाच त्याचा हेतु. उत्तरपत्रिका गोळा करणारा एक आभासी संगणक मीं उभा केला, व त्यास दोन कार्डें दिलीं: एक 'टॅप' वाटेनें बंद जाळ्याकडे, दुसरें 'यूजर' वाटेनें बाहेर. चारही वेळां '-नेट' लिहिलें, आणि जोड्या आपोआप लागतील असें गृहीत धरिलें. परीक्षेच्या आदल्या सायंकाळीं एक विद्यार्थी येऊन म्हणाला, "सर, ह्या यंत्रावर इंटरनेट चालतें आहे." पाहतों तों त्या यंत्रास १०.०.२ ह्या मालिकेंतील पत्ता मिळालेला! यंत्रानें पत्ता मागतांच ती हांक टॅपमधून चव्हाट्यावर आली, तेथें यूजर वाटेच्या द्वारपालानें ती ऐकिली, आणि मोठ्या अगत्यानें पत्ताही दिला व बाहेरचें दारही दाखविलें. त्या मुलाच्या प्रामाणिकपणामुळेंच परीक्षा बचावली, हें येथें नमूद केलें पाहिजे.

ह्या दोषावर २००९ च्या अखेरीस पहिला उपाय निघाला. वाटेसाठीं '-नेटडेव्ह' व कार्डासाठीं '-डिव्हाइस' असे दोन स्वतंत्र शब्द आले. वाटेस एक खूण द्यावयाची आणि कार्डाच्या वर्णनांत तीच खूण सांगावयाची: '-नेटडेव्ह यूजर, आयडी=एन१' आणि मग '-डिव्हाइस व्हर्टिओ-नेट-पीसीआय, नेटडेव्ह=एन१'. आतां कोणतें कार्ड कोणत्या वाटेचें ह्याविषयीं संशय उरला नाहीं. चव्हाटा मधून गेल्यामुळें संदेशांची निष्कारण नक्कल टळली व वेगही वाढला. परंतु आज्ञा लांबली. एका जोडीसाठीं दोन शब्द, दोन ठिकाणीं तीच खूण, आणि खुणेंत एक अक्षर चुकलें कीं यंत्र उभेंच राहत नाहीं. शिवाय ज्या लहान फलकांवर, विशेषतः एआरएम जातीच्या, नेटवर्क कार्ड मुळांतच जडविलेलें असतें, तेथें '-डिव्हाइस' म्हणजे नवें कार्ड खोंचणें. जडविलेल्यास तें लागू पडेना. तेव्हां अशा ठिकाणीं लोकांस पुन्हां जुन्या '-नेट' कडेच वळावें लागे.

एप्रिल २०१८ मध्यें क्यूएमूची २.१२ ही आवृत्ति निघाली, तींत '-निक' हा शब्द आला. त्यांत कार्ड व वाट हीं एकाच दमांत सांगतात: '-निक यूजर, मॉडेल=व्हर्टिओ-नेट-पीसीआय'. पूर्वीची सुमारें पन्नास रोमन अक्षरांची आज्ञा तिसांवर आली. परंतु अक्षरें वांचलीं ह्याहून मोठा लाभ असा कीं, जोडी एकाच शब्दाच्या उदरांत असल्यामुळें ती चुकण्यास जागाच राहिली नाहीं. दोन जाळीं हवीं असल्यास '-निक' दोनदां लिहावें. दोन्ही जोड्या एकमेकींपासून अलग राहतात. फलकावर जडविलेल्या कार्डांसही हा शब्द चालतो. कार्डांच्या कोणत्या जाती उपलब्ध आहेत हें आठवत नसेल तर मॉडेलच्या जागीं 'हेल्प' लिहावें, म्हणजे यादी समोर येते. आणि जाळें मुळींच नको असल्यास '-निक नन' असें स्पष्ट लिहावें लागतें. कारण जाळ्याविषयीं कांहींच न बोलल्यास क्यूएमू बहुतेक यंत्रांस आपण होऊन एक कार्ड व यूजर वाट देऊन टाकतो. मौन म्हणजे नकार, अशी समजूत येथें उपयोगी नाहीं.

जुन्या 'व्हीलॅन' क्रमांकांची पद्धत २०१८ मध्येंच काढून टाकण्यांत आली. '-नेट' मात्र राहिलें, व तें लिहिलें कीं आजही सर्व मंडळी एकाच चव्हाट्यावर जमतात. पुष्कळ जुन्या पुस्तकांत तोच शब्द असल्यामुळें विद्यार्थी तो उतरून घेतात. उलट, कार्डाचे अंतर्गत बारीकसारीक गुण ठरवावयाचे असतील तर '-नेटडेव्ह' व '-डिव्हाइस' ही लांब वाटच धरावी लागते. '-निक' तेथें अपुरें पडतें.

'-निक' नें एक गोष्ट मात्र सुटत नाहीं. प्रत्येक कार्डास मॅक नांवाचा एक स्वतंत्र पत्ता असतो. आपण तो न सांगितल्यास क्यूएमू पहिल्या कार्डास ५२:५४:००:१२:३४:५६ हाच पत्ता देतो, आणि शेजारच्या दुसऱ्या आभासी संगणकासही तोच! यूजर वाटेवर प्रत्येकाचें जाळें निराळें, म्हणून तें खपून जातें. टॅपच्या वाटेनें दोघे एका जाळ्यांत आले कीं एकाचीं पत्रें दुसऱ्याच्या घरीं जाऊं लागतात, व दोघेही मधूनमधून मुके होतात. आमच्या संगणकगृहांत हल्लीं प्रत्येक '-निक' पुढें 'मॅक=' लिहून निराळा पत्ता देतात, आणि दिलेल्या पत्त्यांची यादी दाराजवळच्या फळ्यावर खडूनें लिहिलेली असते.