क्लास लावू की ट्युशन? : कुंग-फूचा हिशोब

सेकंड इयरला एका शनिवारी रात्री आमच्या विंगमध्ये जेट लीचा 2006 सालचा 'फिअरलेस' लागला आणि रविवारी सकाळी अर्धी विंग टेरेसवर हवेत लाथा झाडत होती. सोमवारी सबमिशन होतं, त्यामुळे क्रांती तिथेच संपली. उरलो फक्त मी आणि माझा रूममेट. आम्हाला खरंच शिकायचं होतं.

शहरात ताई-ची शिकवणारे एक सर सापडले. ताई-ची म्हणजे आजोबांनी बागेत करायचा संथ व्यायाम असा आपला समज; पण ती मुळात चिनी युद्धकलाच आहे. सरांनी विचारलं, "ग्रुपमध्ये येणार की प्रायव्हेट?" आणि इथेच आमची गाडी अडली.

हिशोब असा होता. ग्रुप : आठवड्यातून 3 दिवस, एक-एक तास, महिन्याला 900 रुपये. म्हणजे तासाला 75. प्रायव्हेट : तासाला 600. सरळ आठपट! मी मेसचं बिल आठवून ग्रुप घेतला. रूममेटच्या घरून पैसे बरे यायचे. त्याने आठवड्याला एक प्रायव्हेट तास लावला. "एम-थ्रीला नाही का, क्लासमध्ये काही कळत नाही आणि ट्युशनला कळतं? तसंच हे," असं त्याचं लॉजिक. मलाही ते पटलं होतं, फक्त परवडत नव्हतं.

आता थोडा इतिहास. पूर्वी चीनमध्ये ही विद्या घराण्यात, नाहीतर गावात राहायची. गुरूला चहा देऊन, वाकून नमस्कार करून शिष्य व्हायचं. मग 1910 मध्ये शांघायला जिंगवू ही संस्था निघाली. 'फिअरलेस'चा नायक हुओ युआनजिआ याचं नाव तिच्याशी जोडलेलं आहे. तिथे सामान्य नागरिकांना, पुढे स्त्रियांनाही, प्रवेश मिळाला आणि सगळ्यांसाठी 10 ठरावीक पाठ आखले गेले. ताई-चीचा आज जगभर चालणारा 24 हालचालींचा छोटा संच 1956 साली चीनच्या क्रीडा खात्याने तयार केला. पाच-सहा मिनिटांत संपतो. तेव्हा ग्रुप क्लास म्हणजे फी गोळा करायची आयडिया नव्हे, त्यामागे शंभरावर वर्षं आहेत.

आणि जुना शिष्य तरी एकटा कुठे शिकायचा? त्याला गुरुबंधू असायचे. इप मान यांनी 1950 मध्ये हाँगकाँगला रेस्टॉरंट कामगारांच्या युनियनमध्ये विंग चुन शिकवायला सुरुवात केली. पुढे ब्रूस ली त्यांच्याकडे आला, पण त्याचा बराचसा सराव वाँग शुन-ल्युंग या सीनियरबरोबर झाला. नंतर अमेरिकेत लीने स्वतःच्या शाळाही चालवल्या आणि स्टीव्ह मॅक्वीन, जेम्स कोबर्न यांच्यासारख्या नटांना प्रायव्हेटही शिकवलं.

असो. आमच्याकडे वळू. ग्रुपमध्ये आम्ही 24 जण. वॉर्म-अपची 15 मिनिटं सोडली तर उरली 45, म्हणजे सरांच्या वाट्याची माणशी दोन मिनिटंसुद्धा नाहीत. मी पुढच्याची पाठ बघून कॉपी मारायचो. (सवय आहेच!) तिसऱ्या महिन्यात उजवा गुडघा दुखायला लागला. चोवीस जणांसमोर विचारायची लाज वाटली, म्हणून गप्प बसलो. शेवटी हॉस्टेलच्या इंडियन टॉयलेटमध्ये बसता येईना, तेव्हा डॉक्टर गाठला. तीन आठवडे सक्तीची विश्रांती. घरी सांगितलं, जिन्यावरून घसरलो.

मग 600 रुपये जमवून एक प्रायव्हेट तास घेतला. सरांनी मला धनुष्यासारख्या पवित्र्यात, म्हणजे पुढचा गुडघा वाकवून आणि मागचा पाय ताणून, उभं केलं आणि दहा मिनिटांत दुखणं सापडलं. माझा पंजा एकीकडे आणि गुडघा आत कलंडलेला. शिवाय सगळं वजन त्या पायावर असताना मी वळत होतो, त्यामुळे पीळ थेट गुडघ्यात. सर म्हणाले, "आधी वजन काढ, मग पंजा वळव. वळायचं कमरेतून. गुडघा बोटांच्या दिशेलाच." हे तीन महिने आधी कळलं असतं तर!

म्हणजे रूममेट बरोबर होता? थांबा. त्याचा फॉर्म झकास दिसायचा. एकदा सरांनी त्याला ग्रुपमध्ये तुई-शौला बोलावलं. यात दोघांनी मनगटं टेकवायची आणि समोरच्याचा तोल काढायचा. समोर फर्स्ट इयरचा एक किरकोळ पोरगा. चार सेकंदांत आमचे साहेब भिंतीला! कारण सोपं आहे. सर त्याला शिकवण्यासाठी ढकलायचे, हळू आणि नेहमी त्याच पद्धतीने. हा पोरगा कसाही ढकलत होता. आपल्या भाषेत, डिझाइन परफेक्ट, पण लोड टेस्टिंग झालंच नव्हतं.

तर निष्कर्ष : प्रायव्हेटमध्ये चूक सापडते, ग्रुपमध्ये शिकलेलं टिकतं की नाही ते कळतं. दोन्हींची कामं वेगळी आहेत. म्हणून माझा सल्ला असा :

1. सुरुवात ग्रुपने करा. वेळ ठरलेली असते, बरोबरचे ओढून नेतात. एकट्याचा तास पहिल्या सेशनलला बुडतो.

2. महिन्याभरात एक प्रायव्हेट घ्याच, माझ्यासारखा दुखण्याची वाट बघू नका. जाताना दोन-तीन प्रश्न लिहून न्या. नवीन काही शिकू नका, जुनं तपासून घ्या.

3. आधीच गुडघा, कंबर दुखत असेल (स्टाफपैकी सर-मॅडम, हे तुमच्यासाठी!) तर उलट करा. आधी दोन-तीन प्रायव्हेट, मग ग्रुप.

4. सांदा, म्हणजे वुशूतली प्रत्यक्ष लढत, शिकायची असेल तर ग्रुपला पर्याय नाही. वेगवेगळ्या उंचीचे, वजनाचे जोडीदार लागतातच.

5. पैसे भरण्याआधी एक क्लास नुसता बसून बघा. सर फिरून चुका सुधारतात का? जोड्या बदलतात का? वर्षाची फी एकदम मागितली तर नमस्कार करून बाहेर या.

6. आणि दुखलं तर त्याच दिवशी विचारा. चोवीस जण हसले तरी चालेल. गुडघा आपला आहे.

सध्या रूममेट ग्रुपला येतो आणि महिन्यातून एक प्रायव्हेट तास आम्ही दोघं मिळून घेतो, माणशी 300 रुपये. सर त्यालाही हो म्हणाले. आधी विचारलंच नव्हतं आम्ही! बाकीचे दिवस सकाळी सहाला टेरेसवर असतो. यायचं असेल तर या, मात्र चपला जिन्यात काढा.

– तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी