साष्टीच्या दोन कडा: येऊरचे रान आणि ठाण्याची खाडी

ठाणे शहर साष्टी बेटावर वसलेले आहे. उत्तरेला वसईची खाडी, पूर्वेला ठाण्याची खाडी आणि पश्चिमेला अरबी समुद्र यांनी वेढलेली साष्टी आज भराव, पूल आणि इमारतींमुळे बेटासारखी दिसत नाही, पण भूगोल बदललेला नाही. बोरिवली, अंधेरी, भाईंदर आणि ठाणे साष्टीत येतात. कळवा, मुंब्रा, डोंबिवली, कल्याण ही गावे खाडीपलीकडे, मुख्य भूमीवर. उल्हास नदीचा मोठा प्रवाह ठाण्याच्या उत्तरेकडून वसईच्या खाडीत जातो आणि एक अरुंद फाटा ठाणे-कळव्यामधून दक्षिणेला वळतो. रेल्वे १८५३ साली ठाण्यापर्यंत आली आणि पुढल्या वर्षी खाडी ओलांडून कल्याणला पोहोचली. आता त्याच रेल्वेने डोंबिवली-कल्याणचे चाकरमानी रोज या बेटावर येतात आणि संध्याकाळी परततात. रविवारी मात्र बेटावरचे रान पाहायला त्यांतले फार थोडे जण येतात.

पक्षी-अभ्यासकांनी साष्टीकडे फार पूर्वीपासून एक स्वतंत्र प्रदेश म्हणून पाहिले. सलीम अली आणि हुमायून अब्दुलअली यांनी मुंबई व साष्टीच्या पक्ष्यांवरची आपली लेखमाला १९३६ पासून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात क्रमशः प्रसिद्ध केली. पुढे तिचे पुस्तक झाले. बेटाच्या मधोमध डोंगररांग आणि कडेने चिखल, अशी ही रचना आहे. सकाळी रानपाखरे आणि दुपारी खाडीतले पाणपक्षी, हा योग एका दिवसात जुळणे महानगरालगत दुर्मीळ. ठाण्यात मात्र तो केवळ भरतीच्या वेळेवर अवलंबून असतो.

डोंगराची बाजू म्हणजे येऊर. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे एकूण क्षेत्र सुमारे १०४ चौरस किलोमीटर आहे आणि येऊर हा त्याचा ठाण्याकडचा भाग. उपवन तलावाच्या बाजूने वर चढणारा रस्ता वनखात्याच्या नाक्यावर पोहोचतो. पुढे पाटोणापाडा, जांभूळपाडा अशी आदिवासी वस्ती आहे. उद्यानात परवानगी असलेल्या वाटांवरच चालायचे असते. तुळशी आणि विहार तलावांकडे उतरणाऱ्या वाटा मोकळ्या फिरण्यासाठी नाहीत. बिबट्यांचे हे रान असल्याने अंधार पडण्याआधी परतणे आवश्यक ठरते. त्यासाठी धाडसापेक्षा शिस्त लागते.

चढ फारसा कठीण नाही. बेटाचा सर्वात उंच माथा समुद्रसपाटीपासून सुमारे ४६८ मीटर आहे. सह्याद्रीतल्या किल्ल्यांची सवय असलेल्याला ही उंची किरकोळ वाटेल, पण इथल्या चालण्यात माथा गाठणे महत्त्वाचे नसते. बेसाल्टच्या खडकातून उतरणारे ओढे, सागाची आणि मिश्र पानझडीची झाडी, मधेच उघडे कातळसडे यांमुळे प्रत्येक वळणाला वेगळ्या पाखरांची वस्ती लागते. फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस, पांगारा आणि सावर फुलतात. तेव्हा एकाच झाडावर शिंजीर, कोतवाल, हळद्या आणि बुलबुल दिसू शकतात आणि वाट न बदलता बराच वेळ निरीक्षण करता येते. हिवाळ्यात स्वर्गीय नर्तकाचा नर लांब शेपटी मिरवत ओढ्याकाठी उडतो. तुरेवाला सर्पगरुड आकाशात घिरट्या घालताना शीळ घालतो. तो दिसण्याआधी ऐकू येतो, त्यामुळे त्याचा आवाज ओळखणे उपयोगी पडते. महाराष्ट्राचा राज्यपक्षी हरियाल उंबर-पिंपळांच्या फळांवर येतो, पण हिरव्या पानांत तो सहज सापडत नाही.

येऊरचा खरा मोसम मात्र लोक घरी बसतात तेव्हाचा. मेच्या अखेरीस नवरंग येतो. हा पक्षी हिवाळा दक्षिण भारतात आणि श्रीलंकेत काढतो, आणि पावसाच्या तोंडावर विणीसाठी उत्तरेकडे सरकतो. पालापाचोळ्यातून त्याची दुहेरी शीळ सकाळ-संध्याकाळ ऐकू येते. त्याच सुमारास तिबोटी खंड्या ओढ्याच्या मातीच्या कडेत बोगदा पोखरतो. चिमणीएवढ्या या खंड्याच्या पायाला तीनच बोटे असतात, म्हणून हे नाव. विणीच्या जागी कॅमेऱ्यांची गर्दी झाली तर पक्षी घरटे सोडण्याचा धोका असतो. म्हणून जाणकार निरीक्षक घरट्याचे ठिकाण जाहीर करत नाहीत, आणि ते योग्यच आहे.

बेटाची दुसरी कड खाडीची. ठाण्याच्या खाडीच्या दोन्ही काठांना तिवरांची दाट पट्टी आहे आणि ओहोटीला तिच्यापुढे मैलभर चिखल उघडा पडतो. राज्य सरकारने ऑगस्ट २०१५ मध्ये खाडीच्या सुमारे १६.९ चौरस किलोमीटर भागाला रोहित (फ्लेमिंगो) अभयारण्य म्हणून जाहीर केले. त्यात तिवरांचे जंगल आणि त्यालगतचे पाणी, दोन्ही येतात. मालवणनंतर राज्यातले हे दुसरे सागरी अभयारण्य. २०२२ मध्ये खाडीला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाला. नांदूरमधमेश्वर आणि लोणारनंतर तो मिळवणारे हे महाराष्ट्रातले तिसरे ठिकाण.

रोहित इथे मोठ्या संख्येने दिसू लागले ते १९९० च्या दशकात. आता मोसमात एक लाखाहून अधिक रोहित खाडीच्या परिसरात उतरतात. बहुतेक छोटे रोहित, काही मोठे. ते गुजरातेतून, विशेषतः कच्छच्या रणातून येतात. नोव्हेंबरच्या सुमारास त्यांचे आगमन सुरू होते आणि मे-जूनपर्यंत ते थांबतात. छोटा रोहित चोच उलटी करून पाणी गाळतो आणि सूक्ष्म निळी-हिरवी शेवाळे खातो. मोठा रोहित चिखलातले किडे-कवचधारी जीव उपसतो. अंगाचा गुलाबी रंग या अन्नातल्या कॅरोटिनॉइडचाच असतो. खाडीत येणाऱ्या सांडपाण्यामुळे शेवाळ वाढते आणि पक्ष्यांना खाद्य मिळते, हा या प्रदूषणाचा एक विचित्र पैलू आहे. त्यावरून प्रदूषण पथ्यावर पडते असा निष्कर्ष काढणे मात्र घाईचे ठरेल. तेच पाणी मासे आणि मासेमार दोघांना महाग पडते.

रोहित बघण्याचे सगळे गणित भरतीचे. तिथीच्या अंकाला तीनाने गुणून चाराने भागले की भरतीचा साधारण तास निघतो, हा कोकणात पिढ्यानपिढ्या वापरला जाणारा हिशेब. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. त्यानंतर सहा-सव्वासहा तासांनी ओहोटी. खाडीच्या आतल्या टोकाशी पाणी थोडे उशिरा पोहोचते. ओहोटीच्या तळाशी पक्षी दूरवर विखुरलेले असतात आणि दुर्बिणीतही ठिपक्यांएवढे दिसतात. पाणी चढू लागले की ते काठाकडे सरकतात. म्हणून भरतीआधीचे दोनेक तास काठावरून निरीक्षणासाठी चांगले. पाणी पुरेसे चढले की वनखात्याच्या ऐरोली येथील सागरी जैवविविधता केंद्रातून बोटी सुटतात. त्यांच्या वेळा याच गणितावर ठरतात, त्यामुळे आधी चौकशी न करता जाणे व्यर्थ.

रोहितांच्या गर्दीत इतर पक्षी झाकले जातात, ही खाडीच्या लोकप्रियतेची उणी बाजू. मळगुजे, तुतवार, चिखले, शेकाटे, उचाटे, चित्रबलाक, शराटी हे सगळे त्याच चिखलात चरत असतात. त्यांतले अनेक उत्तर आशियातून आलेले असतात. पाणी चढले की ते थव्याने कोरड्या जागी बसतात. अशा जागा काठावरच्या मिठागरांत आणि पाणथळींत असतात. त्या बुजवल्या की भरतीच्या वेळी पक्ष्यांना थांबायला जागा उरत नाही. मे २०२४ मध्ये घाटकोपरला विमानाची धडक बसून तीसहून अधिक रोहित मेले. त्यानंतर पाणथळी बुजवण्याचा प्रश्न बराच चर्चेत आला.

साष्टीपलीकडे, उल्हास नदीवरचा डोंबिवली आणि कल्याणचा काठ तुलनेने शांत आहे. मोठागाव, रेतीबंदर आणि भोपरच्या परिसरात नदी, खाजणे आणि गवताळ जमीन एकमेकांना भिडतात. जांभळ्या पाणकोंबड्या, वारकरी, हळदी-कुंकू बदके आणि टिबुकल्या इथे सहज दिसतात. गवतात चंडोल, तारांवर वेडा राघू, आणि पावसाळ्यात सुगरणींची घरटी. ज्यांना येऊरसाठी पहाटेची लोकल पकडणे जड जाते त्यांनी सुरुवात या काठापासून केलेली बरी. नवख्याला इथे पक्षी जवळून आणि सावकाश पाहता येतात.