व्हीएलसीत चालतो तो व्हिडिओ एडिटिंगला का बंद पडतो?

मुलाखतीची फाईल मोबाईलवर चालते. लॅपटॉपवर व्हीएलसीमध्येही चालते. पण तीच एडिटिंगच्या टाइमलाइनवर टाकली की सॉफ्टवेअर थिजतं आणि बंद पडतं. क्षेत्रकार्यात चित्रीकरण करणाऱ्यांकडून हा प्रश्न सारखा येतो. कृषी विस्तारवाले विचारतात, समाजशास्त्रवाले विचारतात, लोकसाहित्यवाले तर हमखास. तोवर बहुतेकांनी सॉफ्टवेअर दोनदा काढून पुन्हा टाकलेलं असतं, कुणी रॅम वाढवायचा विचार करत असतं. त्याने फरक पडत नाही, कारण अशा वेळी घोळ बहुधा फाईलच्या आत असतो.

आधी एक गोंधळ दूर करू. मोंढ्यात थप्पीला लागलेल्या गोण्या बाहेरून सारख्याच दिसतात. आत सोयाबीन आहे की तूर, ते गोणी उघडल्यावर कळतं. एमपी४, एमओव्ही, एमकेव्ही या अशा गोण्या आहेत. त्यांना कंटेनर म्हणतात. आतलं चित्र ज्या पद्धतीने दाबून भरलंय ती पद्धत म्हणजे कोडेक. एकाच एमपी४ गोणीत २००३ साली आलेला एच.२६४ असू शकतो किंवा २०१३ चा एच.२६५, म्हणजे एचईव्हीसी. त्यामुळे ‘माझी फाईल एमपी४ आहे’ या वाक्यातून निदानासाठी काहीच हाती लागत नाही. आणि फाईलच्या नावातलं एमओव्ही खोडून एमपी४ लिहिल्याने आतला माल बदलत नाही.

दाबून भरायची गरज किती मोठी आहे ते आकड्यांत पाहा. ४के चित्राची एक फ्रेम ३८४० गुणिले २१६० बिंदूंची. नेहमीच्या ८ बिट, ४:२:० पद्धतीत ती सुमारे १२.४ एमबी भरते. सेकंदाला ३० फ्रेम धरल्या तर ४० मिनिटांच्या मुलाखतीला जवळजवळ ९०० जीबी लागतील. मोबाईल तीच मुलाखत सेकंदाला ५० मेगाबिटच्या दराने साधारण १५ जीबीत बसवतो. म्हणजे साठपट दाबणी!

ही दाबणी होते कशी? एक फ्रेम पूर्ण ठेवायची आणि पुढच्या फ्रेममध्ये फक्त काय बदललं तेवढंच लिहायचं. शेतकरी बांधावर बसून बोलतोय. मागचं शेत, झाड, आकाश जागचं हलत नाही, मग ते पुन्हा पुन्हा कशाला लिहा? पूर्ण फ्रेमला आय-फ्रेम म्हणतात. मागच्या फ्रेमवर टेकलेली ती पी-फ्रेम, आणि मागच्या-पुढच्या दोन्हींवर टेकलेली बी-फ्रेम.

व्हीएलसीत चालण्याचं आणि एडिटिंगला अडण्याचं एक कारण इथेच आहे. व्हीएलसी फाईल सरळ पुढे पुढे वाचत जातो. एडिटिंगमध्ये आपण मध्येच उडी मारतो, उलटं जातो, दोन क्लिप एकावर एक ठेवतो. प्रत्येक उडीला सॉफ्टवेअरला मागची आय-फ्रेम शोधून तिथपासून सगळं उलगडत यावं लागतं. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. व्हीएलसी स्वतःचे डिकोडर सोबत घेऊन फिरतो आणि बिघडलेली फ्रेम सापडली तरी शक्यतो पुढे रेटतो. एडिटिंग सॉफ्टवेअर पुष्कळदा हे काम ऑपरेटिंग सिस्टीमच्या डिकोडरवर किंवा ग्राफिक्स चिपवर सोपवतं. तिथे ड्रायव्हर अडखळला की तो एकटा पडत नाही, सॉफ्टवेअरलाही घेऊन पडतो.

चिपच्या मर्यादा ठरलेल्या असतात. इंटेलच्या सहाव्या पिढीच्या प्रोसेसरमध्ये ८ बिट एच.२६५ उलगडण्याची सोय चिपवर आहे. १० बिटची पूर्ण सोय सातव्या पिढीपासून आली. आता आयफोन १२ पासूनचा एचडीआर व्हिडिओ १० बिटचा असतो. नवा फोन आणि विभागातला जुना संगणक अशी जोडी जमली की काय होणार ते उघड आहे. रंगाची माहिती जास्त ठेवणारी ४:२:२ पद्धत तर चांगल्या कॅमेऱ्यांत सर्रास असते, पण एनव्हिडियाच्या ५० मालिकेआधीच्या कार्डांना ती हार्डवेअरवर उलगडता येत नाही. महागडं ग्राफिक्स कार्ड आहे म्हणून हा संशय सोडू नका.

आता निदान. इथे संशोधनाच्या पद्धतीचाच उपयोग होतो: एका वेळी एकच गोष्ट बदलायची. सेटिंग बदललं, ड्रायव्हर अद्ययावत केला आणि फाईलही बदलली, मग क्रॅश थांबला तर कशाने थांबला हे कधीच कळणार नाही.

पहिलं काम, मीडियाइन्फो हे मोफत साधन घेऊन फाईल त्यात उघडा. पाच गोष्टी वहीत लिहा: कोडेकचं नाव, प्रोफाइल, बिट डेप्थ, क्रोमा म्हणजे ४:२:० की ४:२:२, आणि फ्रेम रेट स्थिर आहे की बदलता. मग चालणारी एखादी फाईल घेऊन तिच्याही याच पाच गोष्टी लिहा. दोन्ही रकाने शेजारी ठेवले की संशयित बहुतेक वेळा तिथेच सापडतो.

मग चाचण्या. नव्या रिकाम्या प्रोजेक्टमध्ये फक्त ती एकच फाईल टाका. इथे नीट चालली तर फाईल निर्दोष असण्याची शक्यता मोठी. जुना प्रोजेक्ट, त्याची कॅशे किंवा एखादं प्लगइन तपासा. इथेही बंद पडली तर सेटिंगमध्ये जाऊन हार्डवेअर डिकोडिंग बंद करा आणि सॉफ्टवेअर पुन्हा सुरू करा. आता हळू का होईना पण चाललं, तर दोष चिप किंवा ड्रायव्हरच्या बाजूला आहे. तरीही बंद पडलं, तर हँडब्रेक किंवा एफएफएमपेगने त्याच फाईलचा तीस सेकंदांचा तुकडा स्थिर फ्रेम रेटच्या ८ बिट एच.२६४ मध्ये बदलून तो टाकून बघा. तुकडा चालला की कोडेकवरचा संशय पक्का होत जातो. मात्र तुकडा क्रॅश होतो त्याच जागेचा घ्या, सुरुवातीचा नको.

दोन प्रकार मात्र वेगळे ओळखा. रेकॉर्डिंग चालू असताना बॅटरी संपली किंवा कार्ड भरलं, तर एमपी४ ची अनुक्रमणिका लिहायची राहून जाते, कारण ती सहसा शेवटी लिहिली जाते. अशी फाईल व्हीएलसीतही धड उघडत नाही; तिला दुरुस्ती लागते, रूपांतर नाही. आणि विभागातल्या जुन्या सीडीवरच्या क्विकटाइम फाईल असतील तर प्रीमियर प्रोने २०१८ मध्ये क्विकटाइम ७ च्या काळातल्या कोडेकचा आधार काढून टाकलाय, हे लक्षात ठेवा. लिनक्सवर दाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती वापरणाऱ्यांनाही एच.२६४ आणि एच.२६५ चं चित्र मिळत नाही. ही अडचण तुमच्या मशीनची नाही, त्या आवृत्तीचीच आहे.

उपाय म्हणून एडिटिंगसाठी बनवलेल्या कोडेकमध्ये रूपांतर करा, म्हणजे प्रोरेस किंवा डीएनएक्सएचआर. यांत प्रत्येक फ्रेम स्वतंत्र असते, म्हणून उडी मारणं सोपं जातं. किंमत जागेत मोजावी लागते: १०८० च्या चित्राला प्रोरेस ४२२ सेकंदाला सुमारे १४७ मेगाबिट घेतं, म्हणजे ४० मिनिटांना ४४ जीबी. तेवढी डिस्क नसेल तर हलकी प्रॉक्सी बनवा आणि शेवटच्या एक्सपोर्टच्या वेळी मूळ फाईल जोडा.

संशोधकाचा खरा धोका इथून पुढे आहे. यूट्यूबरसाठी रूपांतर म्हणजे सोय; आपल्यासाठी तो पुराव्यात केलेला बदल असतो. मोबाईल उजेड आणि भार पाहून फ्रेम रेट कमी-जास्त करतो. रूपांतरात ते नीट सांभाळलं गेलं नाही तर चित्र आणि आवाज एकमेकांपासून सरकतात. २९.९७ फ्रेमची फाईल कुठे ३० ची समजली गेली तरी ४० मिनिटांच्या शेवटी चित्र २.४ सेकंदांनी पुढे गेलेलं असतं. बदलत्या फ्रेम रेटमध्ये तर ही सरक एकसारखीही नसते, म्हणून एक आकडा वजा करून ती दुरुस्त होत नाही. तुम्ही इलानमध्ये मुलाखतीचं टिपण करताय, उत्तराआधीचा विराम मोजताय किंवा बाईने मान हलवली ती कोणत्या शब्दावर ते नोंदवताय, तर अडीच सेकंदांत अर्थच बदलतो. कोणत्या फाईलवर टिपण केलं हे लिहून ठेवलं नसेल, तर दुसऱ्या कुणाला ते पडताळता येणार नाही.

म्हणून क्रम असा: मूळ फाईल कार्डवरून जशीच्या तशी उतरवा, तिचा एसएचए-२५६ चेकसम काढून ठेवा, दोन ठिकाणी प्रत ठेवा आणि तिला पुन्हा हात लावू नका. आधी स्थिर फ्रेम रेटची प्रत बनवा, ती शेवटच्या मिनिटापर्यंत तपासा, मगच तिच्यावर टिपण सुरू करा. कोणत्या साधनाच्या कोणत्या आवृत्तीने, कोणत्या सेटिंगवर रूपांतर केलं ते पद्धतीच्या प्रकरणात दोन ओळींत लिहा. व्हिवामध्ये कुणी विचारेलच असं नाही, पण विचारलं तर उत्तर तयार असेल.

हे इतकं जपायचं कशाला, याचं उत्तर आपल्याच जिल्ह्यात आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी सुरू केलेल्या जात्यावरच्या ओव्यांच्या संग्रहात पूर्णा तालुक्यातल्या ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे यांचा आवाज आहे. ध्वनिमुद्रण १९९० च्या दशकातलं. ते आज पारीच्या संकेतस्थळावर ऐकता येतं. मधल्या काळात साधनं आणि फाईलचे प्रकार कितीतरी बदलले. मूळ ध्वनिमुद्रण राखलं गेलं, म्हणूनच ते नव्या रूपात आणता आलं.

राहिला चित्रीकरणाआधीचा भाग. आयफोनवर कॅमेरा सेटिंगच्या फॉरमॅट्समध्ये ‘मोस्ट कम्पॅटिबल’ निवडा आणि एचडीआर बंद करा; अँड्रॉइडवर एचईव्हीसी किंवा एच.२६५ चा पर्याय शोधून बंद करा. बोलण्याच्या मुलाखतीला १०८० आणि ३० फ्रेम भरपूर झाल्या. जिंतूर किंवा गंगाखेडकडे निघण्याच्या आदल्या दिवशी त्याच फोनवर, त्याच माईकने दहा मिनिटं काहीही रेकॉर्ड करा आणि ज्या संगणकावर एडिटिंग होणार आहे त्यावरच टाकून बघा. तुकडा तीस सेकंदांचा नको, दहा मिनिटांचाच घ्या. आवाजाची सरक लहान तुकड्यात दिसत नाही.