डबा वेगळा, माल वेगळा

पनवेलहून उरणच्या रस्त्याला लागलं, की ट्रेलरवरून जाणारे लोखंडी कंटेनर सतत दिसतात. यातले बरेचसे १९८९ साली सुरू झालेल्या न्हावा-शेवा बंदराकडे निघालेले किंवा तिथून आलेले असतात. आत यंत्रं आहेत की कापड, हे क्रेनला ठाऊक नसतं. तशी गरजही नसते. डब्याची लांबी बहुधा २० किंवा ४० फूट आणि कोपऱ्यांवर पकडीच्या जागा ठरलेल्या. म्हणून तोच डबा ट्रेलर, मालगाडी आणि जहाज या तिन्हींवर नीट बसतो.

संगणकवाल्यांनी कंटेनर हा शब्द इथूनच घेतला. एखादा प्रोग्रॅम चालायला इतर अनेक छोटे प्रोग्रॅम लागतात. एका संगणकावर ते असतात, दुसऱ्यावर नसतात किंवा जुने असतात. मग ‘माझ्याकडे चालतं, तुमच्याकडे का नाही?’ असा वाद सुरू होतो. यावर उपाय म्हणजे लागणारं सगळं सामान प्रोग्रॅमसोबत एकाच डब्यात भरून देणं. २०१३ साली आलेल्या ‘डॉकर’मुळे ही पद्धत सर्वत्र पसरली.

शाळेत याचा उपयोग काय? सहली, स्नेहसंमेलनं, विज्ञान प्रदर्शनं यांचे फोटो शिक्षकांच्या फोनमध्ये विखुरलेले असतात. शिक्षकांची बदली झाली, की फोटोही जातात. गूगल फोटोजची अमर्याद मोफत साठवण १ जून २०२१ पासून बंद झाली. मोफत मिळते ती १५ जीबी जागा. समजा, एक फोटो ४ एमबीचा आणि वर्षाला २००० फोटो. म्हणजे वर्षाला ८ जीबी! दोन वर्षांतच जागा संपली.

अशा वेळी शाळेतल्याच एखाद्या संगणकावर ‘इमिच’ हा मोफत प्रोग्रॅम चालवता येतो. मेमरी ८ जीबी असेल तर बरं. यात मुख्यतः चार कंटेनर असतात. एक फोटो घेतो आणि दाखवतो. दुसरा चेहरे व वस्तू ओळखतो. तिसऱ्यात माहितीकोश, म्हणजे डेटाबेस चालतो. चौथा राहिलेल्या कामांची यादी सांभाळतो. कोणते डबे हवेत, कोणता दरवाजा (पोर्ट) उघडायचा आणि फोटो कुठे ठेवायचे, हे सारं ‘कम्पोज’ नावाच्या एका फाइलीत आणि तिच्या जोडीच्या छोट्या फाइलीत लिहिलेलं असतं. एक आज्ञा दिली, की चारही सुरू होतात. हा दरवाजा शाळेच्या नेटवर्कपुरताच ठेवावा. मुलांचे फोटो थेट इंटरनेटवर उघडे टाकू नयेत.

आता खरी मेख. बंदरातल्या डब्यात माल आत असतो. इथे मात्र माल बाहेर ठेवायचा! नवी आवृत्ती आली, की जुना कंटेनर काढून टाकतात आणि नवा आणतात. फोटो आतच असतील, तर तेही त्याच्याबरोबर जातील. म्हणून कम्पोज फाइलीत संगणकावरचा एक फोल्डर कंटेनरला जोडून देतात. फोटो त्या फोल्डरमध्ये राहतात. माहितीकोशासाठीही असाच वेगळा फोल्डर द्यावा लागतो, कारण अल्बम आणि चेहऱ्यांची नावं तिथे असतात.

हे पडताळून पाहता येतं. सुरुवातीलाच, खरे फोटो भरण्याआधी, झाडाच्या पानाचा एखादा फोटो चढवा. सगळे कंटेनर काढून टाका. पुन्हा सुरू करा. पान दिसलं, तर जोडणी बरोबर आहे. नाही दिसलं, तर फोल्डरचा पत्ता तपासा.

एवढ्याने काम संपत नाही. फोल्डर डब्याबाहेर असला, तरी डिस्क एकच आहे. ती बिघडू शकते, भिजू शकते. २६ जुलै २००५ चा पाऊस रायगडकर विसरलेले नाहीत. म्हणून आम्ही सुचवतो, की फोटो आणि माहितीकोश या दोन्हींच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यातली एक शाळेच्या इमारतीबाहेर असावी. डबा पुन्हा मिळतो. १० वर्षांपूर्वीच्या सहलीचा फोटो मात्र पुन्हा काढता येत नाही.