जुन्या प्रतींचे दप्तर

संग्रह करणे हा गृहस्थाचा धर्म मानला गेला आहे. परंतु संग्रहातील निरुपयोगी वस्तूंचा वेळच्या वेळी त्याग करणे हाही त्याच धर्माचा भाग होय, याची आठवण सहसा कोणी देत नाही. कोठीत जुने दाणे पडून राहिले तर त्यांत किडा होतो आणि तो नव्या धान्यासही लागतो, हे घरातील बायका पुरतेपणी जाणतात व सणावाराच्या आधी कोठी उपसून काढतात. कागदपत्रांच्या बाबतीत मात्र आपण एक तर सगळेच सांभाळीत बसतो, नाही तर एके दिवशी उबग येऊन सगळेच रद्दीत घालतो. या दोन्ही सवयी आता आपण संगणकाच्या साठ्यातही नेल्या आहेत, आणि तेथे त्यांचे फळ अधिक कडू येते.

बारामती-इंदापुराकडील सुशिक्षित कुटुंबांत एक भाऊ शेतीवर, दुसरा पुण्यास नोकरीवर आणि कन्या परदेशी, अशी स्थिती आता सर्रास आढळते. अशा कित्येक घरांत जाड ग्रंथाएवढी एक पेटी राउटरशेजारी ठेवलेली दिसते. तीस नेटवर्क ड्राइव्ह म्हणतात. घरातील सारे संगणक वायफायच्या द्वारे तीशी जोडलेले असतात आणि आपापल्या फायलींची एक जादा प्रत, म्हणजे बॅकअप, ठरलेल्या वेळी तीत आपोआप ठेवीत असतात. सोय उत्तम खरी. पण पेटीचे पोट काही अमर्याद नसते. दोन-तीन वर्षांत ती भरते, "जागा शिल्लक नाही" अशी सूचना येऊ लागते, आणि मग घरातील कोणी तरी उत्साही तरुण हाती केरसुणी घेतो. अनर्थाचा आरंभ बहुधा येथेच होतो.

इंदापूर येथील माझ्या परिचयाच्या एका एकत्र कुटुंबात घडलेला प्रकार सांगतो. भीमेवरील उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले आणि तालुक्यातील नदीकाठची कित्येक गावठाणे पाण्याखाली गेली. पळसदेवचे प्राचीन देवालय पाणी फार ओसरले म्हणजे अजून वर दिसते. बाकीच्या वस्तीच्या खुणा आता बहुतांशी कागदांतच उरल्या आहेत. या कुटुंबाचे जुने घरही असेच बुडाले. त्या घराचे, जमिनीचे व मोबदल्याचे कागद आणि आजोबांनी स्वहस्ते लिहिलेली गावची टिपणवही वाळवीने खाण्यापूर्वी थोरल्या काकांनी स्कॅन करून आपल्या संगणकात ठेवली होती. पेटी भरल्यावर पुतण्याने सर्व बॅकअप तारखेप्रमाणे लावले, आणि तीन वर्षांपूर्वीची जी सर्वांत जुनी व सर्वांत मोठी फाइल होती ती पुसून टाकली. नव्या साठ-सत्तर फायली हाती असताना जुनीचे काय काम, असा त्याचा विचार. पुढे दोन महिन्यांनी काकांच्या संगणकाची डिस्क निकामी झाली. बॅकअप उघडू गेले, तो एकही उघडेना.

असे का झाले, हे समजून घेण्यास संगणकशास्त्र शिकावे लागत नाही. घरचा जमाखर्च ठाऊक असला म्हणजे पुरे. बॅकअप दोन जातींचे असतात. पहिला पूर्ण बॅकअप : त्यात सर्व फायली जशाच्या तशा घेतलेल्या असतात. दुसरा वाढीव बॅकअप : मागच्या खेपेनंतर जे बदलले तेवढेच त्यात असते. पूर्ण बॅकअप म्हणजे वर्षारंभीची शिल्लक, आणि वाढीव बॅकअप म्हणजे त्यापुढची रोजकीर्द. आरंभीच्या शिलकेचे पान फाडून टाकले तर पुढच्या नोंदी कितीही शुद्ध असोत, त्यांवरून आजची शिल्लक निघत नाही. पुतण्याने नेमके तेच पान फाडले होते. मधली एखादी वाढीव प्रत काढली तरी तीवर अवलंबून असलेल्या पुढच्या सर्व प्रती अशाच लंगड्या होतात. यास्तव पहिला नियम असा, की बॅकअपच्या फायली हाताने कधीही पुसू नयेत. ज्या प्रोग्रामने त्या केल्या त्याच्यातच जुन्या प्रती काढण्याची आज्ञा असते. कोणती प्रत कोणत्या प्रतीवर उभी आहे, हे त्याला ठाऊक असते.

त्या कुटुंबाचे पुढे काय झाले, हे वाचकांस जाणून घ्यावेसे वाटेल. जमिनीच्या बऱ्याचशा कागदांच्या नकला सरकारी अभिलेख कक्षातून मिळाल्या. आजोबांची टिपणवही मात्र कायमची गेली, कारण तिची दुसरी प्रत जगात कोठेच नव्हती.

सरकारी कागद का मिळाले, हा प्रश्न विचार करण्यासारखा आहे. इंदापूर तालुक्याचे नाव जमीन महसुलाच्या इतिहासात ठळक आहे. प्रिंगल नामक अधिकाऱ्याने केलेली आकारणी रयतेस जड झाली व सोडून द्यावी लागली; तेव्हा गोल्डस्मिड व विंगेट यांनी नव्या पद्धतीने मोजणी करून १८३६ साली याच तालुक्यात ३० वर्षांच्या मुदतीचा बंदोबस्त प्रथम लागू केला, आणि तीच पद्धत पुढे मुंबई इलाख्यात पसरली. तेव्हापासून महसूल खात्यात जे कागद साठत गेले ते सगळेच राखले असते, तर आज कचेरीत माणसांस बसावयास जागा उरली नसती. म्हणून कागदांची प्रतवारी करण्यात आली. महाराष्ट्रातील शासकीय कचेऱ्यांत 'अ' वर्गाचे कागद कायमचे, 'ब' वर्गाचे ३० वर्षे, 'क' वर्गाचे १० वर्षे, 'क-१' वर्गाचे ५ वर्षे आणि 'ड' वर्गाचे केवळ १ वर्ष राखण्याची रीत आहे. मुदत संपलेला कागद नष्ट करण्यात कसूर मानली जात नाही. उलट तो नष्ट होतो म्हणूनच 'अ' वर्गाचा कागद सापडतो. येथे मर्म एवढेच, की कागदाचे आयुष्य तो दप्तरात जातानाच ठरते. कपाट भरल्यावर घाईघाईने ठरत नाही.

हीच प्रतवारी घरच्या पेटीस लावून पाहावी. मालमत्तेचे दस्त, वंशावळ, वडिलांची हस्ताक्षरे, विवाह-मौंजीची निवडक छायाचित्रे हा 'अ' वर्ग. हे कागद बॅकअपच्या गाठोड्यात न ठेवता साध्या फोल्डरात, सहज उघडतील अशा रूपात, वेगळे काढून ठेवावेत. म्हणजे गाठोडे पुसले तरी त्यांस धक्का लागत नाही. हिशेब, करविवरणे, विम्याचे कागद यांस कायद्याने वा व्यवहाराने जी मुदत असेल ती द्यावी. बंद झालेल्या संगणकांचे संपूर्ण बॅकअप, एकाच चित्रफितीच्या चार-चार प्रती, उतरवून घेतलेले प्रोग्राम ही 'ड' वर्गाची भरताड. पेटीची जागा बहुधा हीच अडवून बसते.

उरलेल्या नित्याच्या प्रतींसाठी संगणकवाल्यांनी एक युक्ती काढली आहे, आणि तिचे नाव एकत्र कुटुंबास साजेसे आहे : आजोबा, वडील आणि मुलगा. रोजची प्रत हा मुलगा, आठवड्याची प्रत हे वडील आणि महिन्याची प्रत हे आजोबा. मुलांपैकी शेवटची सात राखावीत, वडिलांपैकी चार, आजोबांपैकी बारा. त्यापलीकडच्या प्रती प्रोग्रामने आपोआप काढाव्यात. अ‍ॅपल कंपनीचा २००७ साली आलेला टाइम मशीन हा प्रोग्राम असेच करतो : गेल्या २४ तासांतील दर तासाची, गेल्या महिन्यातील दर दिवसाची आणि त्यापूर्वीची दर आठवड्याची प्रत ठेवून, जागा संपली म्हणजे सर्वांत जुनी प्रत तो स्वतःच काढतो. जवळचा काळ बारकाईने आणि दूरचा काळ ठळकपणे लक्षात ठेवावा, हा मनुष्याच्या स्मृतीचाच नियम येथे यंत्रास शिकविला आहे.

तथापि प्रतवारी झाली म्हणून लगेच पुसावयास बसू नये. राखलेली प्रत खरोखर उघडते काय, हे आधी पाहावे. आपल्याकडे वेदपठणात संहितेबरोबर पद, क्रम, जटा, घन असे पाठ रचले गेले, ते एका पाठाची चूक दुसऱ्याने उघडी पडावी या हेतूने. न पडताळलेली प्रत ही प्रत नव्हे, केवळ समजूत होय. १९९८ साली पिक्सार कंपनीच्या 'टॉय स्टोरी २' या चित्रपटाच्या फायली चुकीच्या एका आज्ञेने पुसल्या गेल्या, आणि बॅकअप नीट होत नव्हते हे तेव्हा उमगले. गेलिन सुसमन ही तांत्रिक दिग्दर्शिका बाळंतपणानंतर घरून काम करीत असे. तिच्या घरच्या संगणकातील प्रतीने चित्रपट वाचला. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कंपनीतील एका अभियंत्याने चुकून मुख्य यंत्रावरचीच माहिती पुसली. नेहमीचे बॅकअप कामी येईनात. सहा तासांपूर्वी सहज घेतलेली एक प्रत सापडली म्हणून निभावले. एवढ्या निष्णातांची ही कथा, मग आपण तर गृहस्थ माणसे. महिन्यातून एकदा कोणतीही एक जुनी फाइल बॅकअपमधून परत काढून पाहावी. पाच मिनिटांचे काम आहे.

आणखी तीन गोष्टी सांगणे अवश्य आहे. संगणकातील फाइल पुसली तर ती बहुधा कचरापेटीत जाऊन पडते व परत आणता येते. नेटवर्क ड्राइव्हवरील फाइल मात्र तशी संगणकाच्या कचरापेटीत जात नाही. पेटीत स्वतःची कचरापेटी चालू करून ठेवली नसेल, तर ती फाइल गेलीच. दुसरे असे, की पेटीत दोन डिस्का एकमेकींच्या प्रतिबिंबाप्रमाणे बसविलेल्या असल्या तरी तो बॅकअप नव्हे. एकीवर पुसले की दुसरीवरही त्याच क्षणी पुसते. तिसरे, २०१७ च्या मे महिन्यात 'वॉनाक्राय' नावाच्या खंडणीखोर प्रोग्रामने जगभर संगणकांतील फायलींस कुलपे लावली. असे प्रोग्राम जोडलेल्या नेटवर्क ड्राइव्हसही सोडीत नाहीत. म्हणून 'अ' वर्गाची एक प्रत सुट्या डिस्कवर, वायर काढून, शक्य तर दुसऱ्या गावी नातलगाकडे ठेवावी. बारामतीची प्रत पुण्यास आणि पुण्याची बारामतीस, असा भावाभावांत करार झाला तर खर्चही फारसा येत नाही.

पुसूच नये, असे म्हणणारेही भेटतात. त्यांस एवढेच विचारावे, की दिवंगत माणसाचे आधार कार्ड, सुनेचे आजारपणाचे अहवाल, भाडेकऱ्याच्या ओळखपत्रांच्या नकला घरातील पोरासोरांच्या हाती लागेल अशा पेटीत वर्षानुवर्षे ठेवण्यात कोणते पुण्य आहे? काम संपल्यावर दुसऱ्याची खाजगी माहिती नष्ट करावी, हे तत्त्व संस्थांपुरते २०२३ सालच्या वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या कायद्यानेही मान्य केले आहे. घरात ते सौजन्य म्हणून पाळावे.

शेवटचा मुद्दा अधिकाराचा. पेटी चालविण्याचे ज्ञान तरुणांपाशी असते आणि कागदाचे मोल वडीलधाऱ्यांपाशी. एकत्र कुटुंबात ही दोन ज्ञाने एका छपराखाली नांदतात, हे मोठे भाग्य समजावे आणि त्याचा उपयोग करावा. वर्षातून एकदा, दिवाळीस सर्व मंडळी जमली म्हणजे, पुतण्याने पेटीतील फोल्डरांची यादी वाचावी, काका-काकूंनी प्रत्येकापुढे वर्ग सांगावा, आणि जे पुसावयाचे ते एका साध्या वहीत तारखेसह लिहून दोघांनी सह्या कराव्यात. वही मात्र कागदाचीच असावी, आणि ती पेटीशेजारी न ठेवता कपाटात ठेवावी.